नाव चोरणं आणि नक्षी चोरणं

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कपड्यांचा आहे आणि बोलायला उभे आहोत आम्ही, ज्यांनी सारी नोकरी दोन रंगांच्या शर्टांत काढली. तेव्हा फॅशनवर अधिकाराने बोलायचा प्रश्नच येत नाही. पण बाजारात एक शब्द असा आहे, की तो तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला गप्प बसू देत नाही. तो शब्द म्हणजे 'फर्स्ट कॉपी'. घड्याळ, बूट, पर्स, टी-शर्ट आणि आता लग्नातला लेहंगासुद्धा. विकणारा छाती पुढे काढून सांगतो, 'सर, फर्स्ट कॉपी आहे.' म्हणजे माल अस्सल नाही हे त्यानेच आधी कबूल केलं. आणि तरीही त्या नकलेत पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम आहे, मानपान आहे! प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंगाचं उदाहरण दिलेलं आहे. पलंगाचं मूळ रूप एक, सुताराने केलेला पलंग दुसरा, चित्रकाराने रंगवलेला तिसरा. आणि चित्रकार बिचारा सत्यापासून सगळ्यात लांब. आमचा फॅशन स्ट्रीटवरचा मुलगा त्याच्याही एक पायरी खाली उतरला आणि तिथे त्याने दुकान थाटलं.

फॅशन डिझायनर मंडळी तक्रार करतात की आमची नक्कल होते, आमचं नुकसान होतं. तक्रार खरी आहे. पण 'नक्कल' या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे आपला राग नको तिथे जातो असं आमचं मत आहे. आपल्याच परंपरेतले दोन दाखले घेतले तर हा भेद लगेच स्पष्ट होतो.

वेदान्तात शिंपल्याचं उदाहरण येतं. समुद्रकाठी शिंपला चकाकतो, माणसाला वाटतं चांदी आहे, तो उचलायला धावतो. शुक्तिरजत. इथे पाहणारा फसलेला आहे. दुसरं उदाहरण श्रीशंकुकाचं, रसचर्चेतलं. चित्रातला घोडा. तो पाहताना हा खरा घोडा आहे असं आपल्याला वाटत नाही, खोटा आहे असंही वाटत नाही, संशयही येत नाही. आपण त्याला घोडा म्हणतो आणि आनंद घेतो. चित्रतुरगन्याय. आता बघा, खोटं लेबल लावून अस्सलच्या किमतीला विकलेला शर्ट म्हणजे शिंपल्याची चांदी. आणि गिऱ्हाईकाने जाणूनबुजून घेतलेली फर्स्ट कॉपी म्हणजे चित्रातला घोडा. पहिल्यात गिऱ्हाईक फसतं. दुसऱ्यात कोण फसतं? गिऱ्हाईक तर नाहीच. फसलेच तर लग्नाला आलेले पाहुणे. पण नुकसान कुणाचं होतं, हा प्रश्न उरतोच, आणि तोच आजचा खरा प्रश्न आहे.

शिंपल्याच्या बाजारासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. जमीन नाही, शेती नाही. माणसांनी शिवणयंत्रं घेतली आणि जीन्सचा उद्योग उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला असणार. आम्हाला या विनोदात हिणवणं कमी आणि एक तात्त्विक निरीक्षण जास्त दिसतं. पँट वाईट नव्हती हो! कापड टिकाऊ, शिलाई मजबूत. खोटं होतं ते फक्त कमरेवरचं नाव. कारागिराला आपलं नाव लावून तीच पँट तेवढ्या किमतीला विकता आली नसती, म्हणून त्याने परक्याचं नाव लावलं. खोटेपणा आहेच, त्याचं समर्थन नाही. पण इथे चोरी झाली ती नावाची.

आणि नावाच्या चोरीसाठी आपल्या देशात कायदा कडक आहे. १९९९चा ट्रेडमार्क कायदा. खोटा ट्रेडमार्क लावला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. एवढंच नाही. इथून जवळ, उरणला न्हावा-शेवा बंदर आहे. २००७ साली केंद्राने आयात मालासाठी नियम केले, त्यानुसार कंपनीने आपला ट्रेडमार्क कस्टमकडे नोंदवून ठेवला, की संशयास्पद माल अधिकारी बंदरातच अडवू शकतात. नकली ठरला तर तो नष्टही केला जातो. म्हणजे परदेशी ब्रँडच्या नावाचं रक्षण करायला आपल्या सरकारचा अधिकारी कंटेनरच्या दारात उभा आहे. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता नक्षी. नाव न चोरता फक्त घाट, नक्षी, रंगसंगती उचलली तर? इथे डिझायनरची खरी दैना आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ असं सांगतं, की जी रचना डिझाइन म्हणून नोंदता आली असती पण नोंदलेली नाही, तिच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने ५०पेक्षा जास्त निघाल्या की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपला. रितू कुमार हे नाव साडी-कुर्त्याच्या जगात केवढं मोठं. त्यांच्या कंपनीने बिबा या कंपनीवर दावा लावला, आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात तो याच कलमावर पडला. त्याआधी २००८ साली त्याच न्यायालयाने तरुण ताहिलियानी यांच्या बाजूने कौल दिला होता, कारण तिथे ५०ची मर्यादा ओलांडलेली नव्हती. याचा अर्थ काय झाला? जो झगा मोजक्या श्रीमंतांसाठी निघाला, त्यावरच्या चित्राला कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं संरक्षण. जो कुर्ता हजार मध्यमवर्गीय बायकांसाठी निघाला, त्याला २०००च्या डिझाइन कायद्याखाली वेळेत नोंदणी केली असेल तर दहा वर्षं, वाढवून आणखी पाच, नाहीतर शून्य. आणि त्या नोंदणीचाही भंग केला तर कायद्यात ठरवून दिलेली रक्कम एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५० हजार. त्याहून मोठी भरपाई हवी तर नुकसानीचा दावा लावून बसा. फॅशनचा एक मोसम सहा महिन्यांचा, दाव्याची पहिली तारीख कधीची ते तुम्ही मला सांगू नका.

म्हणून डिझायनरची तक्रार खरी, असं आम्ही म्हटलं. पण ही मंडळी स्वतः ज्या पाटीवर लिहितात ती कोरी असते का, हेही विचारायला हवं. २०१८च्या जानेवारीत 'एल' मासिकाच्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर सोनम कपूर दिओरचा झगा घालून झळकल्या. 'पीपल ट्री' या छोट्या दिल्लीकर संस्थेने ओळखलं, की ही नक्षी आपली आहे, चित्रकार ओरिजित सेन यांची. ठसेकाम करणाऱ्या कारागिरांबरोबर ती कापडावर उतरली होती. गवगवा झाला, पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली. इथे निदान बोट दाखवायला एक चित्रकार होता. २०२१ साली सब्यसाची मुखर्जी यांनी एच अँड एम या कंपनीसाठी कपडे काढले, ते बघता बघता संपले. हस्तकला क्षेत्रातल्या संस्थांनी जाहीर पत्र लिहून विचारलं, की भारतीय ठसेकामाची आठवण करून देणारे हे छाप यंत्रावर छापून जगभर विकले, यात ठसेकाम करणाऱ्याच्या हातात काय पडलं? सब्यसाचींनी आपली बाजू मांडली, ती अगदीच टाकाऊ नव्हती. स्वस्त कपडा सामान्य माणसापर्यंत जावा यात गैर काय? पण ज्या दिवशी डिझायनर म्हणतो 'माझी नक्षी', त्या दिवशी त्याला पुढचा प्रश्न ऐकून घ्यावाच लागतो, 'आणि ती तुझ्याकडे आली कुठून?'

गेल्या वर्षीची चपलेची गोष्ट तर ताजी आहे. जून २०२५, मिलान, प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो. पायात सरळसरळ कोल्हापुरी. नाव मात्र नुसतं 'लेदर सँडल'. महाराष्ट्र पेटून उठला. आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, आठ जिल्ह्यांचं, चार आपले, चार कर्नाटकातले. मग दावा का होत नाही, असं लोक विचारू लागले. जनहित याचिकाही झाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत फेटाळली: ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण? पण याहून मूळचा मुद्दा वर्तमानपत्रांतून फारसा आला नाही, तो असा. भौगोलिक मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं. या आठ जिल्ह्यांबाहेरच्या चपलेला कुणी 'कोल्हापुरी' म्हणून विकलं तर गुन्हा. प्राडाने ते नाव घेतलंच नव्हतं! आपण चिडलो ते नाव घेतलं नाही म्हणून, आणि कायद्याच्या कचाट्यातून ते सुटले तेही नाव घेतलं नाही म्हणूनच. पुढे कंपनीने प्रेरणा कबूल केली, माणसं कोल्हापुरात आली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचं ठरलं. जोडीची किंमत ८०० युरोच्या आसपास. चांगलं झालं. दोन हजार जोडांनी किती चुली पेटतील त्याचा हिशोब तुम्ही करा. पण हे सगळं घडलं ते लोकांच्या ओरड्याने. कायदा बाजूला उभा राहून बघत होता.

आता आम्ही ज्यासाठी आलो त्या वस्तूकडे येतो. पैठणी.

आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाटात एक तरी आहे. 'होम मिनिस्टर' २००४ साली सुरू झालं आणि पैठणीचं स्वप्न चाळीत, वाडीवर, आगरी-कोळी वस्तीत घरोघर पोचलं. लग्नात नवरीला, वरमाईला, करवलीला, सगळ्यांना पैठणी. पण कपाटातल्या त्या साडीचा पदर एकदा उलटा करून बघितला आहे का? हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. याचं कारण तिच्या विणीत आहे. पदरावर जरीची जमीन असते आणि तिच्यात मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल रेशमात भरलेली असते. नक्षीतल्या प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी छोटी कांडी. विणकर ताण्याचे धागे मोजतो, हिरवी कांडी पाच धाग्यांतून नेतो, तिथे ती जरीच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो, मग लाल, मग पुन्हा हिरवी. एका ओळीत अशी कितीतरी वळणं, आणि मग कुठे फणी ठोकायची. मोराचं डोकं उगवायला दिवस जातो. साधी साडी काही आठवड्यांत उतरते, भरगच्च पदराची कित्येक महिने मागावरच असते. यंत्रमागावर हे अडकवणं आणि परत फिरणं नसतं. धागा काठापासून काठापर्यंत धावतो, जिथे नको तिथे मागून लोंबतो किंवा कापून टाकावा लागतो. म्हणून उलटी बाजू बोलते.

मोर कुणाचा, असं कुणी विचारेल. कुणाचाच नाही. पैठणीवरची कमळं नि पक्षी अजिंठ्याच्या भिंतींवरून उतरले असं सांगतात; म्हणजे विणकरानेही कधीतरी नक्कल केलीच. आम्हाला ती नक्कल चोरी वाटत नाही. भिंतीवरचं कमळ मागावर आणायला त्याला एक नवं तंत्र, नवा हात तयार करावा लागला. चित्रकाराची पोळी त्याने हिसकावली नाही. आमची फूटपट्टी इथे आहे: नक्कल केल्याने ज्याची नक्कल केली त्याचा हात रिकामा होतो का?

सुरत, बंगळुरूच्या यंत्रमागांवर निघणारी 'सेमी पैठणी' या फूटपट्टीला लावून बघा. ती दिसायला तीच, नावाने तीच, किमतीने हजार-दोन हजारांपासून. येवल्याच्या मागावरची साडी त्या भावात कच्च्या रेशमाचा खर्चसुद्धा काढू शकत नाही. आम्ही इथल्याच एका दुकानात भाचीच्या लग्नाची खरेदी करताना विचारलं, 'ही हातमागाची का?' तर तो गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, 'सर, ओरिजिनल सेमी आहे.' तर्कशास्त्राच्या पेपरात हे वाक्य घालायचा मोह झाला होता, पण निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

पण 'सेमी' हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. प्राडाने आपलं नाव घेतलं नव्हतं. हे तर घेतात! नावासमोर एक 'सेमी' लावला की पळवाट मिळाली असं व्यापाऱ्याला वाटतं. मानांकन कायद्यात अशी तरतूद आहे, की 'अमुक पद्धतीचं', 'नक्कल' असे शब्द जोडून मानांकित नाव वापरलं तरी ते उल्लंघन. पण हे जादा संरक्षण सरकारने अधिसूचित केलेल्या मालालाच मिळतं, सगळ्यांना आपोआप नाही. त्यावर आणखी एक कायदा आहे, १९८५चा, हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा. आरंभी त्यात २२ प्रकार होते, आता ११ उरले. ठरावीक प्रकारच्या साड्या त्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९३ साली वैधही ठरवला. आता मघाचं न्हावा-शेवा आठवा. इटालियन पर्सच्या नावासाठी कस्टम अधिकारी कंटेनर उघडतो. अहमदाबाद महामार्गाने साड्यांचे गठ्ठे घेऊन येणारा ट्रक कोण थांबवतं? विणकर थांबवणार का? तो मागावर बसला तर साडी होणार, कचेरीत बसला तर काय होणार? नावाचं रक्षण कायदा करतो खरा, पण ज्याच्याकडे वकील आहे त्याच्या नावाचं.

आणि हे ट्रक येतात ते कुणासाठी? आपल्यासाठी. मिलानवर चिडणं सोपं असतं, मिलान लांब आहे. कोल्हापुरीवरून जे लोक तावातावाने बोलत होते, त्यातल्या कित्येकांच्या घरी त्याच महिन्यात मानपानासाठी सेमी पैठण्यांचा गठ्ठा आला असेल. इथे कुणी फसलेलं नाही. दुकानदाराला माहीत आहे, घेणारीला माहीत आहे, जिला दिली तिलाही माहीत आहे. अगदी चित्रातला घोडा. फक्त या चित्रामुळे खऱ्या घोड्याचा चारा बंद होतो, एवढा फरक श्रीशंकुकाला विचारात घ्यावा लागला नव्हता.

यावर एक आक्षेप आम्हाला हमखास ऐकावा लागतो. 'सर, पगारात भागत नाही, तुम्ही आम्हाला वीस-पंचवीस हजारांची साडी घ्यायला सांगता?' मुळीच नाही. यंत्रमागाची साडी घेण्यात काही पाप नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगारही कामगारच आहे, बारा-बारा तास उभा राहतो. त्याने विणलेली रेशमी वाटणारी साडी त्याच्या नावाने घ्यावी, नेसावी, मिरवावी. तिला पैठणी म्हणू नये, इतकंच. तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? गरिबाने स्वस्तात मोर नेसला तर येवल्याच्या विणकराचं काय गेलं, तशीही ती त्याची गिऱ्हाईक नव्हतीच! हा युक्तिवाद आम्हाला बराच काळ बरोबर वाटे, आणि फर्स्ट कॉपी पर्सच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. हजार रुपयांची पर्स घेणारी मुलगी दोन लाखांची घेणार नव्हतीच. पैठणीचं तसं नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या घरात एकच पैठणी घेतली जाई, पैसे साठवून, नवरीसाठी, त्याच घरात आता सेमी दहा येतात आणि ती एक येत नाही. आणि विणकराचा मुलगा हे बघतो. तो हिशोब करतो, की बापाने महिनाभर वाकून काढलेल्या पदराची ओळख दुकानात दोन मिनिटंही कुणाला पटत नाही, मग आपण रिक्षा घेतलेली काय वाईट? डिझायनरची नक्षी चोरली तर त्याचा एक मोसम बुडतो, पुढच्या मोसमात तो दुसरी काढतो. विणकराच्या मुलाने माग सोडला तर तो हात परत बसवता येत नाही. आमचं डिझायनरशी वैर नाही, पण दोघं एकाच रांगेत रडायला उभे राहिले तर आम्ही कुणाकडे आधी बघणार हे उघड आहे.

खरेदीला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सिल्क मार्कचं लेबल दिसलं की पुष्कळ लोक निर्धास्त होतात. ते लेबल रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं. साडी हातमागावर विणली असं ते सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. पदर उलटा करून बघा. आणि दुकानदाराला सांगा, बिलावर लिहून द्या: 'हातमाग पैठणी', आणि कुठली ते, येवला की पैठण. तोंडाने 'ओरिजिनल' म्हणायला कुणाची हरकत नसते. पेन हातात घेतल्यावर त्याचा चेहरा बघा, पुष्कळ काही तिथेच कळतं.

वेळ संपत आलेली दिसते. मागच्या रांगेतल्या ताईंनी केव्हाचा हात वर धरलेला आहे, आणि त्यांच्या अंगावर पैठणी आहे. विचारा, ताई.